साहेबाच्या भाषेतला आपला 'ताप'

"काय बाई, डोक्याला ताप!" दिवसातून एकदा तरी हे तुमच्या-माझ्या तोंडून निघतंच ना? मग ऐका गंमत, मैत्रिणींनो. हा ताप थेट इंग्रजीत जाऊन बसला आहे. 'डूलाली टॅप' म्हणजे डोकं फिरणं!

परक्या नावांपुढे साहेबाची जीभ अडखळायचीच. जुन्या इंग्रजी कागदांत आपल्या शिरूरचं 'सिरूर' झालं, दौंडचं 'धोंड'. तसंच गोऱ्या शिपायांनी नाशिकजवळच्या देवळालीचं 'डूलाली' केलं. १८६० नंतर तिथे लष्कराचा मोठा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत तिथे राहत. बोटी सुटायच्या हिवाळ्यात. उन्हाळ्याच्या तोंडी मुदत संपली, की महिनोन्‌महिने अडकले! हाताला काम नाही, वर ऊन, हिवताप आणि दारू. काहींचं चित्त ठिकाणावर राहीना. त्यालाच नाव पडलं 'डूलाली टॅप'. हिंदुस्थानी आणि मराठीत ताप तो एकच. फ्रँक रिचर्ड्‌स या शिपायाने १९३६ सालच्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींच्या पुस्तकात ही हकिकत दिली आहे. पुढे 'टॅप' गळाला आणि नुसतं 'डूलाली' उरलं. आज विलायतेत एखाद्याला 'चक्रम' म्हणायचं, तर हा शब्द वापरतात.

हसू येतं खरं. पण रिकामे हात आणि न संपणारी वाट आपल्याला काय नवी आहे? दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, राखीव पोलिसांच्या वसाहतीत, शिरूरच्या पेठेतल्या एखाद्या माडीवर अशी एखादी वहिनी असते. यजमान ड्यूटीवर, मुलं शिकायला बाहेरगावी. हळूहळू ती गप्प होते, झोप उडते, जेवणावरची वासना जाते. आणि आपण पटकन म्हणून मोकळ्या होतो, "तिचं डोकं फिरलंय." ते कानावर गेलं की ती आणखीच मिटते.

अंगात ताप असला तर आपण कपाळावर हात ठेवतो. मग मनाच्या तापाला टोमणा कशाला? तिच्याशेजारी बसा, तिला बोलतं करा. दोन आठवडे असंच चाललं तर डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या 'टेली मानस'चा १४४१६ हा नंबर फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. आणि सगळ्यांत आधी एवढंच विचारा, "बरं वाटत नाही का गं?"