पेजरची पाळी

मोबाइल आला आणि पेजर भंगारात गेले. जर्मनीतल्या हौशी रेडिओवाल्यांनी मात्र ते पुन्हा कामाला लावले. आखेनच्या तंत्रविद्यापीठातून उभं राहिलेलं त्यांचं जाळं म्हणजे ‘डॅपनेट’. संदेश इंटरनेटवरून ट्रान्समीटरपर्यंत येतो आणि तिथून 439.9875 मेगाहर्ट्‌झवर हवेत जातो. ट्रान्समीटर कधी जुना व्यावसायिक संच असतो, तर कधी रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर बसवलेला छोटासा बोर्ड.

फ्रिक्वेन्सी सगळ्यांची एकच, मग गोंधळ कसा होत नाही? पाळ्या लावलेल्या आहेत: एकूण 16, प्रत्येकी 6.4 सेकंदांची. शेजारशेजारचे ट्रान्समीटर वेगवेगळ्या पाळीत बोलतात.

ट्रान्समीटरची पाळी आली की सुरुवातीला निदान 576 बिटांची एक-शून्य, एक-शून्य अशी घोकंपट्टी चालते. त्यावर पेजर आपला ठेका जुळवतो. फ्रिक्वेन्सी 4.5 किलोहर्ट्‌झ खाली सरकली की एक, तेवढीच वर गेली की शून्य. मग आठ कप्पे येतात. पेजरच्या क्रमांकाचे शेवटचे तीन बिट त्याचा कप्पा ठरवतात. तेवढ्यापुरता तो कान देतो, एरवी खुशाल झोपतो. खरी हुशारी इथेच. बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते ती यामुळे. हा पठ्ठ्या उलट उत्तर मात्र देत नाही. निरोप पोचला की नाही, हे ट्रान्समीटरला कळायची सोयच नाही.