स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कोणत्या कर्करोगात कोणती शस्त्रक्रिया?

इच्छापूरहून इंदूर गाठा किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय, ऑपरेशन ठरते ते अवयव आणि आजाराचा टप्पा पाहून.

● गर्भाशयमुख, कर्करोगपूर्व बदल : तेवढाच भाग काढतात, गर्भाशय राहते.

● गर्भाशयमुख, सुरुवातीचा टप्पा : गर्भाशय, आजूबाजूच्या ऊती व लसिकाग्रंथी काढतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दुर्बिणीपेक्षा पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आजार कमी उलटला.

● गर्भाशयमुख, गाठ वाढलेली : टाटा रुग्णालयाच्या ६३३ रुग्णांच्या चाचणीत केमोनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६९.३ टक्के, तर केमोसह रेडिएशन घेतलेल्यांपैकी ७६.७ टक्के स्त्रिया पाच वर्षे आजारमुक्त राहिल्या. इथे ऑपरेशन टाळणेच हिताचे.

● गर्भाशयाचे अस्तर : गर्भाशय, बीजनलिका, बीजांडकोष काढतात, सुरुवातीच्या टप्प्यात बहुधा दुर्बिणीतून.

● बीजांडकोष : पोटातला दिसणारा सगळा आजार काढणे हे उद्दिष्ट. फार पसरला असेल तर आधी केमो.

● योनिमुख : गाठ, सभोवतीची थोडी निरोगी त्वचा, गरजेनुसार जांघेतल्या ग्रंथी.

डॉक्टरांना विचारा : टप्पा कोणता? पुढे मूल होऊ शकेल का? नंतर रेडिएशन लागेल का? आयुष्मान कार्ड चालेल का?

लक्षात ठेवा : पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर लगेच तपासणी करा.