जमिनीच्या पोटातील तांबे-सोने कसे शोधतात?

उन्हाळ्यात मराठवाड्यातील एखाद्या शेतात तुम्ही हे दृश्य पाहिले असेल. बोअर घेण्यापूर्वी दोघे-तिघे जण जमिनीत चार लोखंडी खुंट्या एका रेषेत ठोकतात, त्यांना तारा जोडतात आणि मधल्या पेटीवरील आकडे वहीत टिपून घेतात. मग खुंट्या आणखी लांब ठोकून पुन्हा तेच करतात. बोअरसाठी कर्ज काढलेला शेतकरी शेजारी उभा राहून विचारतो, “पाणी दिसलं का?”

खरे म्हणजे त्या पेटीला पाणी दिसतच नाही. तिला कळते ती फक्त एक गोष्ट: जमीन विजेला किती अडवते! तांबे आणि सोने शोधणारे शास्त्रज्ञही हेच तंत्र वापरतात. ते नीट समजले, तर यंत्राच्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा हेही समजेल.

प्रथम खुंट्या चारच का, ते पाहू. बाहेरच्या दोन खुंट्यांमधून जमिनीत विद्युत्प्रवाह सोडतात. आतील दोन खुंट्यांमधील विद्युत्‌दाब मोजतात. दोनच खुंट्या वापरल्या, तर खुंटी आणि माती यांच्या सांध्याचा रोधही मापनात मिसळेल. व्होल्टमापकातून मात्र जवळजवळ प्रवाहच वाहत नाही; म्हणून आतील खुंट्यांचा सांधा आपल्याला फसवीत नाही. लगतच्या दोन खुंट्यांमधील अंतर सारखेच, समजा 10 मीटर आहे. प्रवाह 100 मिलिअँपियर आणि दाब 80 मिलिव्होल्ट आला, तर दाब भागिले प्रवाह म्हणजे 0.8 ओहम. त्याला 2π आणि अंतर यांनी गुणले, की 2 × 3.14 × 10 × 0.8, म्हणजे सुमारे 50 ओहम-मीटर ही जमिनीची रोधकता मिळते. खुंट्यांमधील अंतर वाढवले, की प्रवाह अधिक खोल जातो आणि अधिक खोलीवरची माहिती आणतो.

कोरडा, अखंड काळा पाषाण शेकडो ओहम-मीटर रोधकता दाखवतो. भेगांत पाणी असले, की ती उतरते. पण थांबा! लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारी तांबडी चिकणमातीही आकडा खाली आणते आणि तिच्यातून विहिरीला पाणी फारसे मिळत नाही. आकडा तोच, पण पदार्थ निराळा!

आता तांब्याकडे वळू. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या परिसरात तांबे का शोधत नाहीत? वेरूळची लेणी ज्या बेसाल्ट खडकात कोरली, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग याच खडकाने झाकलेला आहे. पूर्व विदर्भात मात्र त्याहून कितीतरी जुने खडक उघडे आहेत. त्यांच्या भेगांतून पूर्वी खनिजयुक्त उष्ण पाणी वाहिले आणि गारगोटीबरोबर तांब्याची खनिजे मागे राहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना आणि नागपूर जिल्ह्यातील पुलर येथे तांब्याचे खनिज आढळले आहे ते म्हणूनच. सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडची मोठी तांब्याची खाण आहे.

तांब्याचे नेहमीचे खनिज म्हणजे चॅल्कोपायराइट. ते तांबे, लोह व गंधक यांचे संयुग असून चांगले विद्युत्‌वाहक आहे. कित्येकदा मोठ्या साठ्याचा वरचा भाग पावसाच्या पाण्याने ऑक्सिडीकृत होतो आणि साठा जणू निसर्गाने पुरलेला विद्युत्‌घट बनतो. असे नैसर्गिक दाब रॉबर्ट फॉक्स यांनी 1830 साली इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींत मोजले होते.

पण एक टन खनिजात तांबे बहुधा 10 किलोग्रॅमच्या आसपास असते आणि त्याचे कण एकमेकांना न चिकटता विखुरलेले असतात. मेणात तांब्याचा कीस मिसळला, तर मेण वाहक होईल का? तसेच इथेही. रोधकता फारशी उतरत नाही. यावर एक युक्ती आहे. प्रवाह चालू असताना खडकाच्या छिद्रांतील पाण्यातले आयन प्रत्येक धात्विक कणाच्या दोन्ही बाजूंना अडून गर्दी करतात. प्रवाह बंद केला, की ही गर्दी हळूहळू पांगते. त्यामुळे दाब एकदम शून्यावर न येता काही काळ रेंगाळतो. हा रेंगाळणारा दाब मोजण्याच्या पद्धतीला प्रवर्तित ध्रुवीकरण म्हणतात.

आणि सोने? एक टन खडकात 5 ग्रॅम सोने असले, तरी तो साठा चांगला समजतात. म्हणजे दहा लाखांत पाच भाग! इतके थोडे सोने जमिनीवरून ओळखणारे विद्युत्‌यंत्र नाही. म्हणून सोन्याऐवजी त्याचे सोबती शोधतात: पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजे, गारगोटीच्या शिरा आणि खडक चिरडले गेलेले पट्टे.

पण सोबती म्हणजे सोने नव्हे. निव्वळ पायराइट किंवा ग्रॅफाइटही तसाच दाब रेंगाळवतो. म्हणून भूवैज्ञानिक नकाशा, माती व खडकांचे रासायनिक पृथक्करण, चुंबकीय आणि गुरुत्वीय मापने हे सर्व एकत्र मांडतात आणि शेवटी वेधन करून खडकाचा गाभा बाहेर काढतात. निकाल तो गाभा देतो. यंत्राचे काम एवढेच, की शंभर ठिकाणी खोदण्याऐवजी चार ठिकाणी कोठे खोदावे हे सांगणे.

शाळेत हा प्रयोग करून पाहा. प्लॅस्टिकच्या घमेल्यात ओली वाळू भरा. चार खिळे 5 सेंटीमीटर अंतराने एका रेषेत, फक्त टोके रुततील असे खोचा. बाहेरच्या खिळ्यांना 6 व्होल्टची बॅटरी आणि मिलिअँपियरमापक जोडा. आतील खिळ्यांना व्होल्टमापक. (घरातील वीजपुरवठा मुळीच वापरू नका.) बॅटरी जोडण्यापूर्वी दाब दिसल्यास तो नंतरच्या मापातून वजा करा. आता मधल्या खिळ्यांखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेले फडके पुरा आणि दाब भागिले प्रवाह हे गुणोत्तर पुन्हा काढा. ते उतरेल. मित्राला विचारा, “खाली काय आहे?” तो बहुधा “धातू!” म्हणेल.

त्याची चूक मापनात नाही. आकड्याला घाईने नाव देण्यात आहे. पुढे कोणी पेटीकडे बोट दाखवून “इथे नक्की पाणी आहे” किंवा “इथे सोने आहे” असे म्हणाले, तर एवढेच विचारा: याच आकड्याला दुसरे काय कारण असू शकेल?