दहा सेंटाव्होंचा कर

बोलिव्हियाला समुद्र नाही, पण नौदल आहे. त्याच्या नौका टिटिकाका सरोवरात फिरतात आणि दर २३ मार्चला तेथे ‘सागर दिन’ पाळला जातो. या विसंगतीचे हसू येते खरे. पण खनिज करारांविषयी आपल्याकडे चर्चा सुरू झाली की मला हटकून हेच नौदल आठवते.

अटाकामाच्या वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही. म्हणूनच पाण्यात सहज विरघळणारा सोरा तेथे जमिनीत टिकून राहिला. त्याआधी जगाच्या तोफांना सोरा पुरवीत असे तो बिहार. नोनिया समाज तो मातीतून काढी आणि पाटण्याच्या वखारींतून डच व इंग्रज तो घेऊन जात. अटाकामाच्या सोऱ्याची रासायनिक जात वेगळी. पण तो मुबलक आणि स्वस्त होता. शिवाय युरोपच्या शेतीला खत हवे होते. बिहारचा व्यापार पुढे खालावला, त्याचे हे एक मोठे कारण.

अँटोफगास्ताचा किनारा बोलिव्हियाचा होता. भांडवल मात्र चिली आणि ब्रिटनचे, तर मजूर बहुतांशी चिलीचे. १८७४च्या तहात चिलीने निर्यात करातील आपला वाटा सोडला. त्या बदल्यात चिलीच्या कंपन्यांवरील कर पंचवीस वर्षे न वाढवण्याचे वचन बोलिव्हियाने दिले. चारच वर्षांनी, भूकंप आणि दुष्काळाने खजिना रिता झाला असताना, बोलिव्हियाने दर क्विंटलमागे दहा सेंटाव्होंचा कर बसवला. कंपनीने तो नाकारला. सरकारने मालमत्तेचा लिलाव पुकारला आणि १४ फेब्रुवारी १८७९ रोजी, नेमक्या लिलावाच्या दिवशी, चिलीचे सैनिक बंदरात उतरले. कायद्याच्या बोटाने पाहिले तर वचनभंग बोलिव्हियाचाच. पण आपल्याच भूमीतील संपत्तीवर कर बसवण्याचा हक्क पाव शतकासाठी गहाण ठेवणारा तह मुळात टिकण्याजोगा होता का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

१८७३च्या गुप्त करारामुळे पेरू या युद्धात ओढला गेला. त्यात त्याचा स्वतःचाही हितसंबंध होता. तारापाकातील सोरा त्याने १८७५मध्येच सरकारी ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती. अंगामोसच्या सागरी लढाईत अॅडमिरल ग्राऊ पडले, जानेवारी १८८१मध्ये लिमा पडले. १८८३च्या तहाने तारापाका चिलीकडे गेला. बोलिव्हियाने १९०४मध्ये किनाऱ्यावर कायमचे पाणी सोडले.

जिंकलेल्या चिलीची तिजोरी पुढे कित्येक वर्षे सोऱ्याच्या करावर चालली. म्हणजे ज्या करावरून युद्ध पेटले, तोच कर विजेत्याने बिनदिक्कत बसवला! युद्धकाळात पेरूचे रोखे कवडीमोलाने विकत घेऊन जॉन थॉमस नॉर्थ हा इंग्रज ‘सोऱ्याचा राजा’ झाला, तोही एक गोळी न झाडता. १९१३मध्ये जर्मनीत हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला आणि पुढे या खाणी ओस पडल्या. हंबरस्टोनची निर्जन वसाहत आज जागतिक वारसास्थळ आहे. गमावलेल्या प्रदेशातील तांबे आणि लिथियम मात्र चिलीला आजही पोसते आहे. म्हणूनच बोलिव्हियाची जखम भरत नाही. समुद्रासाठी वाटाघाटी करण्यास चिली बांधील नाही, असा निवाडा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१८मध्ये १२ विरुद्ध ३ मतांनी दिला, तरीही नाही.

जानेवारी २०२४मध्ये ‘खनिज बिदेश इंडिया’ या आपल्या सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात लिथियमच्या पाच क्षेत्रांसाठी करार केला. विजेच्या वाहनांचे स्वप्न पाहणाऱ्या देशाने तो करायलाच हवा होता. त्याच वर्षी अर्जेंटिनाने मोठ्या गुंतवणूकदारांना तीस वर्षे कर स्थिर ठेवण्याची हमी देणारा कायदा केला. पंचवीसच्या जागी तीस! गुंतवणूकदार म्हणून ही हमी आपल्याला आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. पण परदेशातील आपल्या पुढच्या प्रत्येक खनिज करारात करांचे कलम मी सर्वांत आधी वाचेन; आणि त्यानंतर, ती सवलत देताना त्या सरकारचा खजिना किती रिकामा होता, याची चौकशी करीन.