सडा पडीक नसतो

उष्ण कटिबंध म्हटले की डोळ्यांपुढे घनदाट अरण्य उभे राहते. पण महाराष्ट्र सगळाच या पट्ट्यात येतो, आणि कोकण-सह्याद्रीतले उघडेबोडके सडेही त्याच हवामानाने घडवलेले आहेत.

सड्यावरचा जांभा हे ऊन-पावसाचे काम. लक्षावधी वर्षे मुरणाऱ्या पाण्याने मूळ खडकातली सिलिका आणि क्षार विरघळवून नेले. मागे राहिली लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे. लोहामुळे दगड तांबडा झाला. मलबारात तो विटांसारखा कापलेला पाहून फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ म्हटले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट.

पाऊस जीवन देतो आणि मातीचा कसही धुऊन नेतो. सड्यावरच्या बोटभर मातीत नत्र जेमतेम. म्हणून दवबिंदू ही वनस्पती चिकट केसांनी किडे धरते. सीतेची आसवे पाण्यातले सूक्ष्म जीव इवल्या पिशव्यांत ओढून घेते. चार पावसाळी महिन्यांत उगवायचे, फुलायचे, बी धरायचे, पुढे रखरखाट. अशा टंचाईतूनच इथली विविधता आली.

कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. इतर अनेक सडे मात्र ‘पडीक’ समजून चिऱ्यांच्या खाणींना आणि कलमांच्या बागांना दिले जातात. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी उतारावरच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते. सडा फोडला, तर फुलांबरोबर गावाचे पाणीही जाते.