नाणं हरवतं कुठं?

आमच्या खानापूर तालुक्यातल्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजून राणीछाप रुपये दिसतात. सोबत एखादी झिजलेली शिवराई, भोकाचा पैसा, क्वचित पुतळीमाळेतून सुटलेली पुतळी. पूजा उरकली की सगळं परत डब्यात. पुढच्या दिवाळीला डबा उघडला की काहीतरी कमी वाटतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही, कारण मुळात काय काय होतं हेच कुणी लिहून ठेवलेलं नसतं. मौल्यवान नाणी हरवण्याच्या जेवढ्या हकिकती मी वाचल्या-ऐकल्या, त्यांत चोरापेक्षा या एका हयगयीनं जास्त घात केलेला दिसला.

हा तालुका नाण्यांच्या बाबतीत श्रीमंत वारशाचा. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंबांची एक राजधानी. पुढे गोव्याच्या कदंबांचाही तिथं अंमल होता. त्यांचा राजा शिवचित्त पेर्माडी याच्या काळातलं, बाराव्या शतकातलं भूवराह नरसिंहाचं मंदिर आजही उभं आहे. या घराण्याच्या सोन्याच्या गद्याणावर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख असलेला नागरी लेख असतो. काही नाण्यांवर सिंहापुढे संवत्सराचं नावही येतं. एवढ्याशा सोन्यात राजा, दैवत आणि वर्ष! हलशीला सापडलेले कदंबांचे ताम्रपट जे. एफ. फ्लीट यांनी एकोणिसाव्या शतकात वाचून ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापले. त्यामुळे पत्रे कुठंही गेले तरी मजकूर अभ्यासकांच्या हाती राहिला. नांगराच्या फाळाला लागलेल्या नाण्याच्या नशिबी असा वाचणारा क्वचित येतो. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा सांगतो की, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं. लोकांना त्यातली फक्त भीती माहीत आहे. कायद्यात ज्याला धन सापडतं त्याच्या हिश्शाचीही तरतूद आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मग नाणं गुपचूप सराफाकडे जातं आणि मुशीत वितळतं.

याच्या उलट उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचं. १९०६ साली तिथं क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. रेव्हरंड स्कॉट यांनी तो तपासला आणि दिसलं की, त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःची चिन्हं पुन्हा ठोकली आहेत. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याची मोहोर! एका सत्तेचा शेवट इतक्या ठळकपणे सांगणारा पुरावा क्वचितच मिळतो. तो हाती लागला, कारण नाणी पांगण्याआधी कुणीतरी बसून मोजली.

घरातलं नाणं जातं त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. मुंज, लग्न, बारसं आलं की चांदी मोडीत काढतात. नदी ओलांडताना तांब्याचा पैसा मलप्रभेत टाकायची रीत जुनी. वाटण्या झाल्या की डबा एका भावाकडे आणि त्यातल्या नाण्यांची माहिती दुसऱ्याकडे. घर उतरवून स्लॅब टाकायचा ठरला की माळ्यावरची ट्रंक भंगारात जाते. आणि पुतळीमाळ तर हमखास बळी पडते. पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट, समुद्र ओलांडून आलेलं सोनं, पुढे त्याच्या नकला आपल्याकडेही निघाल्या. माळ ‘जुन्या घाटाची’ म्हणून मोडली की अस्सल पुतळी आणि नक्कल एकाच मुशीत पडतात.

अज्ञानानं गेलेल्या नाण्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया घ्या. त्या सालचे रुपये फार थोडे चलनात आले आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. संग्राहक या १९३९ साठी लाखांत किंमत मोजतात आणि म्हणूनच त्याच्या बनावट नाण्यांचा सुळसुळाट आहे. घरातल्यांना मात्र १९३९ आणि १९४० यांत एका वर्षाचाच फरक दिसतो. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाचंही तसंच. १८६२ हे साल पुढची कित्येक वर्षं तसंच छापलं जात होतं. खरं वर्ष ओळखायचं ते मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून. चिंच आणि राख लावून नाणं लखलखीत केलं की तेच ठिपके आधी झिजतात.

शिवराई हातात घेऊन बघा. तांब्याचा वेडावाकडा तुकडा, कडा ओबडधोबड. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. पण संपूर्ण लेख एका नाण्यावर सहसा मिळत नाही, कारण तुकडा ठशापेक्षा लहान पडायचा आणि अक्षरं काठाबाहेर राहायची. ‘शिव’, ‘सिव’, ‘शीव’, ‘पति’, ‘पती’ असे लेखनाचे कितीतरी प्रकार अभ्यासक वेगळे मोजतात. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठा टाकसाळींवरचा ग्रंथ १९८९ साली अंजनेरीच्या मुद्रा संशोधन संस्थेनं काढला, तेव्हा अशा बारकाव्यांना शास्त्राची बैठक मिळाली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतरचा सोन्याचा होन तर इतका दुर्मीळ की, जगभरातले ज्ञात होन बोटांवर मोजावेत. त्याच्या जोडीला घराघरांतली साधी शिवराई क्षुल्लक वाटते, पण टाकसाळींचा इतिहास याच क्षुल्लक तांब्यावर उभा आहे.

मोठ्यांच्या घरीही हेच होतं. जहांगीरनं १६१३ साली आग्र्याला पाडलेली हजार मोहरांची मोहर जवळजवळ बारा किलोची, वीस सेंटिमीटर व्यासाची. निजामाच्या घराण्यातून ती बाहेर गेल्याचं सांगतात. १९८७ साली ती जिनिव्हात लिलावाला आली, अपेक्षित बोली लागली नाही आणि ती पुन्हा नजरेआड झाली. सीबीआयनं शोध घेऊनही ती हाती लागली नाही. शहाजहानची दोनशे मोहरांची मोहर त्याआधीच गडप झाली होती. पण तिची प्लास्टरची प्रतिकृती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, म्हणून लेख वाचता येतो, आकार कळतो. सोनं गेलं तरी नाण्याचं ज्ञान शिल्लक राहिलं.

अमेरिकेतली एक हकिकत अशीच. १९१३ सालचं लिबर्टी निकेल हे पाच सेंटचं नाणं जगात पाचच. त्यातलं एक जॉर्ज वॉल्टन यांच्याकडे होतं. १९६२ साली ते मोटार अपघातात गेले, तज्ज्ञांनी नाणं बनावट ठरवलं आणि ते घरच्या कपाटात चाळीसेक वर्षं पडून राहिलं. २००३ साली बाकीच्या चार नाण्यांशेजारी ठेवून तपासल्यावर ते अस्सल निघालं. २०१३ साली ते ३१ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकलं गेलं. घरच्यांनी ‘बनावट’ म्हणून फेकून दिलं नाही, एवढ्यामुळे ते वाचलं.

या दिवाळीत लक्ष्मीपूजन झाल्यावर ताट लगेच आवरू नका. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, सराफाच्या काट्यावर वजन करून घ्या, साल आणि अक्षरं जशी दिसतात तशी वहीत उतरवा आणि ते कुणाकडून घरात आलं हेही लिहा. एका पाकिटात एकच नाणं ठेवा. ते घासू नका. वहीची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असू द्या. आणि शेतात काही सापडलं तर सराफाकडे जाण्याआधी तहसीलदाराच्या कचेरीत वर्दी द्या.