मुलांसाठी भ्रमणध्वनीची योजना : निवड कशी करावी?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांचा दिनक्रम उपनगरी रेल्वेच्या वेळापत्रकाशी बांधलेला आहे. अनेक घरांतील आई-वडील दोघेही सकाळच्या लोकलने मुंबईस जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. शाळा, शिकवणी व क्रीडांगण असा मुलांचा प्रवास एकट्यानेच होतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत लोकलसेवा ठप्प झाली आणि असंख्य कुटुंबांतील माणसे रात्रभर ठिकठिकाणी अडकून पडली. “मी सुखरूप आहे” या तीन शब्दांचे मोल त्या रात्री अनेकांना कळले. मुलाच्या हाती भ्रमणध्वनी देण्यामागे मुख्यतः हीच निकड असते. मात्र ऐन वेळी योजनेची मुदत संपलेली असेल, तर हाती साधन असूनही त्याचा उपयोग होत नाही. म्हणून आगाऊ पैसे भरून घ्यावयाच्या, म्हणजेच प्रीपेड योजनेची निवड विचारपूर्वक होणे अगत्याचे आहे.

नोंदणी पालकांच्या नावे

अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या नावे सिमकार्ड दिले जात नाही. साहजिकच मुलाच्या हातातील जोडणी पालकांच्या नावे असते आणि तिच्या वापराची जबाबदारीही त्यांच्यावरच येते. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावे जास्तीत जास्त ९ जोडण्या घेता येतात. आपल्या नावे किती जोडण्या चालू आहेत, हे केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’ या सेवेवर पाहता येते. नवी जोडणी घेण्यापूर्वी हा पडताळा अवश्य घ्यावा.

गरज कोणती?

शाळेतून घरी कळविणे एवढीच गरज असेल, तर बटणांचा साधा संच व केवळ कॉल आणि संदेशांची योजना पुरेशी ठरते. पूर्वी अशा ग्राहकांनाही इंटरनेटसह असलेल्या योजनेचे मूल्य मोजावे लागे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती करून केवळ कॉल व संदेशांसाठी स्वतंत्र व्हाउचर उपलब्ध करून देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. विशेष व्हाउचरची कमाल मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्यात आली. दुकानदार या योजना आपणहून दाखवीलच असे नाही. त्या मागून घ्याव्यात.

अभ्यासासाठी इंटरनेट लागत असल्यास ते घरी, मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरता येईल काय, याचा प्रथम विचार करावा. दररोज ठरावीक डेटा देणाऱ्या योजनेत उरलेला डेटा सामान्यतः दुसऱ्या दिवशी मिळत नाही. त्यामुळे तो संपविण्याचा मोह मुलास होतो. त्यापेक्षा संपूर्ण मुदतीसाठी मोजका डेटा देणारी योजना बरी.

मुदतीचा हिशेब

योजनेची किंमत पाहताना तिला दिवसांनी भागावे. समजा, एक योजना २८ दिवसांसाठी २१० रुपयांची व दुसरी ८४ दिवसांसाठी ५४६ रुपयांची आहे. पहिलीचा दैनिक खर्च साडेसात रुपये, तर दुसरीचा साडेसहा रुपये येतो. २८ दिवसांची योजना वर्षातून बारा नव्हे, तेरा वेळा घ्यावी लागते, शिवाय तिची तारीख दर महिन्याला मागे सरकते. २०२२ च्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने ३० दिवसांची आणि दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारी अशा योजना ठेवणे आवश्यक आहे. पगाराच्या तारखेशी जुळणारी अशी योजना नोकरदार पालकांस सोयीची पडते. मुदत संपण्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

सेवाक्षेत्राचा प्रश्न

दूरसंचार परवान्यांच्या दृष्टीने ठाणे व कल्याण-डोंबिवली हा पट्टा मुंबई सेवाक्षेत्रात मोडतो, तर जिल्ह्याचा दूरचा ग्रामीण भाग महाराष्ट्र व गोवा सेवाक्षेत्रात येतो. म्हणून किंमत विचारताना आपल्या सेवाक्षेत्राची विचारावी. सुटीत मूल गावी जाणार असल्यास बाहेरील क्षेत्रात कोणत्या सवलती लागू राहतील, याचीही चौकशी करावी. घर, शाळा आणि जाण्यायेण्याचा मार्ग या तिन्ही ठिकाणी कोणत्या कंपनीचे जाळे चांगले मिळते, हे शेजाऱ्यांकडून समजून घेणे हाच उत्तम उपाय होय.

शिक्षक व पंचायतींचे कार्य

शिक्षकांनी पालकसभेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही माहिती द्यावी. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. सर्वांनी मिळून ठरविले तर शिस्त लागू शकते, हे या गावाने दाखवून दिले आहे.

योजना कोणतीही असो, आईचा अथवा वडिलांचा क्रमांक, संकटकाळासाठी ११२ आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक मुलास तोंडपाठ असलेच पाहिजेत. संच हरवला किंवा बंद पडला, तरी पाठ असलेला क्रमांक कोणत्याही दूरध्वनीवरून लावता येतो.